डायबेटिक मांजराला उलटी झाली तर: आधी साखर मोजा, मग पोटाकडे बघा

मांजर असलेल्या घरात उलटीचं कुणाला विशेष वाटत नाही. केसांचा गोळा, घाईघाईत गिळलेलं जेवण, कुंडीतलं गवत, खिडकीत पकडलेली पाल, यांतल्या कशानंही मांजर ओकतं, मिशा चाटतं आणि परत ताटलीपाशी येऊन बसतं. आपण फरशी पुसतो आणि कामाला लागतो. पण मांजराला डायबेटिस असेल आणि तुम्ही रोज दोन वेळा इन्सुलिन टोचत असाल, तर त्याच उलटीचा अर्थ बदलतो. सकाळी दिलेलं इन्सुलिन अंगात काम करत असतं आणि ज्या जेवणाच्या भरवशावर ते दिलं ते जेवण फरशीवर पडलेलं असतं. अशा वेळी साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.

याच्या अगदी उलटही होतं. साखर बरेच दिवस चढलेली असते, शरीरात कीटोन (इन्सुलिन अपुरं पडून चरबी जळायला लागली की तयार होणारी आम्लं) साठत आलेले असतात आणि उलटी ही त्याची घरच्यांना दिसलेली पहिली खूण असते. साखर खाली गेलेलं मांजर आणि कीटोन वाढलेलं मांजर बाहेरून सारखीच दिसू शकतात: मलूल, पलंगाखाली जाऊन बसलेली, खाण्याकडे पाठ फिरवलेली. उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून ज्यांच्या मांजराचं निदान नुकतंच झालंय त्यांना मी एकच क्रम पाठ करायला सांगेन: आधी साखर मोजायची, मग पोटाचा विचार करायचा. इन्सुलिनचा डोस किती असावा हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना फोन लागेपर्यंत काय करायचं, काय टाळायचं आणि त्यांना नेमकं काय सांगायचं, ते इथे लिहिलं आहे.

मांजर बरं असतानाच करायची तयारी

पहिली गोष्ट ग्लुकोमीटर. माणसांसाठी मिळणारा साधा मीटर चालतो, पण मांजराच्या रक्तात तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो हे ध्यानात ठेवा. प्राण्यांसाठी वेगळे मीटर असतात. अल्फाट्रॅक हे त्यातलं माहितीतलं नाव. तो मिळाला तर उत्तमच, पण स्ट्रिपा महाग पडतात आणि सगळीकडे मिळत नाहीत. मिळेना म्हणून मोजायचं थांबू नका. साधा मीटर घ्या आणि नेहमी तोच वापरा, म्हणजे निदान आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. परदेशातल्या वाचकांसाठी: तुमचा मीटर मिलिमोलमध्ये आकडा दाखवत असेल तर त्याला १८ ने गुणा, म्हणजे इथले मिलिग्रॅमचे आकडे जुळतील.

रक्त कानाच्या कडेवरून घेतात. कडेला समांतर एक बारीक शीर जाते, सुई तिच्या आणि कडेच्या मधल्या पट्टीत टोचायची. कान गार असेल तर रक्त येत नाही, म्हणून आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कानाला लावा. व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवलं की थेंब केसांत पसरत नाही. कानामागे कापसाचा बोळा धरायला विसरू नका, नाहीतर सुई तुमच्याच बोटात जाईल. टोचून झालं की लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या. आठवडाभर असं केलं की बहुतेक मांजरं मीटरचा डबा दिसला तरी पळत नाहीत. हे शिक्षण मांजर ठणठणीत असतानाच द्यायला हवं. रात्री दोन वाजता, ओकून बेजार झालेल्या मांजरावर पहिला प्रयोग करू नका.

घरच्या आकड्यांना आणखी एक महत्त्व आहे. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीनं ३०० च्या वर जाऊ शकते. त्या एका आकड्यावर डोस वाढवला तर घरी आल्यावर मांजर खाली कोसळतं. तुमच्या वहीतले शांत घरातले आकडे डॉक्टरांना यासाठीच हवे असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कीटोनच्या पट्ट्या. लघवीत बुडवून रंग पाहायच्या या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, कारण दमट हवेत त्या लवकर खराब होतात आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तर फारच लवकर. लघवी गोळा करायला मांजर ट्रेमध्ये बसलं की मागून लांब दांड्याचा डाव हळूच सरकवा. ते जमत नसेल तर ट्रेमधली माती काढून मत्स्यालयात टाकतात तसले धुतलेले बारीक खडे घाला. लघवी शोषली जात नाही आणि तळाशी मिळते.

तिसरी गोष्ट मध किंवा ग्लुकोज पावडर. ही मीटरच्याच डब्यात ठेवा. स्वयंपाकघरातल्या फडताळात असलेला मध ऐन वेळी सापडत नाही.

चौथी गोष्ट सिरिंज, आणि इथे मी मुद्दाम जास्त वेळ घेते. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये विकलं जातं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपीची असते, १०० ची नारिंगी टोपीची. मांजरांना बहुतेक वेळा दिलं जाणारं ग्लार्जिन हे इन्सुलिन १०० चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलं तर मांजराला अडीच युनिट जातं. ज्या मांजराची सुरुवातच बहुधा दिवसातून दोनदा १ युनिटनं किंवा त्याहून कमी डोसनं होते त्याच्यासाठी हा फरक जीवघेणा आहे. दुकानदारानं ‘एकच आहे’ म्हणून दिलेली सिरिंज घेऊ नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी शेजारी धरून बघा. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्या.

इन्सुलिन फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवायचं. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं, भले ते दिसायला पूर्वीसारखंच असो. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात वीज तासन्‌तास गेली तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या माठात ठेवता येते. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. गढूळ झालं असेल तर वापरू नका.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तयारी म्हणजे डॉक्टरांकडून लिहून घेतलेला एक कागद. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा हे प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्याच हातानं लिहून घ्या. मांजरानं निम्मंच खाल्लं तर डोस किती? काहीच खाल्लं नाही तर किती? साखर कितीच्या खाली असेल तर इन्सुलिन अजिबात द्यायचं नाही? रात्री कुणाला फोन करायचा? प्रत्येक मांजराचं आणि प्रत्येक इन्सुलिनचं उत्तर वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या मांजराचा कागद तुमच्या कामाचा नाही. हा कागद फ्रीजवर चिकटवा.

उलटी झाली. आता काय?

फडकं आणायला धावू नका. आधी मांजराकडे बघा. ते दारू प्यायल्यासारखं डुलतंय का, मागचे पाय घसरतायत का, अंग थरथरतंय का, डोळे भलतीकडेच लागलेत का, हाक मारल्यावर ओळख दाखवत नाही का? यांतलं काहीही दिसलं तर साखर खाली गेली असं धरून चाला. मीटर हाताशी असेल तर मोजा, पण मीटर शोधण्यात मिनिटं घालवू नका. बोटावर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर घेऊन ओठाच्या आतून हिरड्यांवर चोळा. शुद्ध हरपलेल्या किंवा झटके येणाऱ्या मांजराच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. दातांमध्ये बोटही घालायचं नाही. हिरड्यांवर थोडं चोळायचं, आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गाडी काढायची. मांजर सावरलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण मधाचा असर थोड्या वेळात ओसरतो आणि इन्सुलिन पुढे कित्येक तास अंगात असतं.

मांजर शुद्धीत, ओळखीचं आणि फक्त वैतागलेलं दिसत असेल तर लगेच कानातून साखर मोजा. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० च्या आसपास असते. ६० च्या खालचा आकडा म्हणजे आणीबाणी, मांजर कितीही बरं दिसलं तरी. खात असेल तर लगेच खायला द्या आणि इथे कर्बोदकांचं पथ्य पाळायचं नाही, एरवी बंद असलेलं कोरडं खाणंही चालेल. खात नसेल तर हिरड्यांवर मध. दर १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. साधा मीटर कमी दाखवतो म्हणून ‘खरा आकडा जास्तच असेल’ अशी समजूत करून घेऊ नका. कमी आकडा कमीच समजायचा.

आकडा ६० ते १५० च्या दरम्यान असेल तर इन्सुलिन किती वाजता दिलं ते आठवा. इन्सुलिनचा जोर बहुतेक वेळा टोचल्यावर ४ ते ८ तासांनी सगळ्यात जास्त असतो. दोन तासांपूर्वी टोचलंय, पोट रिकामं झालंय आणि आकडा १०० आहे, तर तो पुढे उतरणारच आहे. दर तासाला मोजत राहा.

आकडा ३०० च्या वर असेल आणि मांजर मलूल असेल तर लघवीची पट्टी काढा. पट्टीवर कीटोनचा रंग उमटला तर सकाळपर्यंत वाट पाहायची नाही.

आता इन्सुलिनचं. टोचून झाल्यावर उलटी झाली असेल तर दिलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. करायचं ते एवढंच, की थोडं थोडं खायला देऊन साखर सावरून धरायची आणि मोजत राहायचं. टोचायच्या आधीच उलटी झाली असेल तर घाई करू नका. साखर मोजा, तासाभरानं चमचाभर खाणं पुढे करा, ते पोटात राहतंय का बघा आणि फ्रीजवरचा कागद वाचा. कागद नसेल, डॉक्टर फोन उचलत नसतील आणि मांजर काहीच खात नसेल, तर नेहमीचा पूर्ण डोस देऊ नका. एक डोस चुकल्यानं सहसा मोठं नुकसान होत नाही, पण रिकाम्या पोटी दिलेला पूर्ण डोस काही तासांत जीव घेऊ शकतो. मात्र सलग दुसऱ्या वेळीही हेच घडलं, तर ते प्रकरण घरी सांभाळण्यासारखं राहिलेलं नाही. आजारी मांजराला इन्सुलिन जास्त लागतं, कमी नाही, आणि ते बंद ठेवलं की कीटोन वाढायला लागतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुई नीट लागली की केसांतच गेली, अशी शंका आली तर पुन्हा टोचायचं नाही. इंजेक्शनची जागा ओली लागली तरीही नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबा. आणि ज्या मांजराला वरचेवर उलटी होते त्याला आधी जेवू घाला, १५–२० मिनिटं थांबा, जेवण पोटात राहिलंय याची खात्री करा आणि मगच टोचा. ही साधी सवय पुष्कळ संकटं टाळते.

एवढं झाल्यावर उलटीकडे वळा, आणि पुसण्याआधी तिचा फोटो काढा. न पचलेलं, नळीच्या आकाराचं खाणं, पोट न हलवता जेवल्या जेवल्या बाहेर आलं असेल तर ते हावरटपणाचं असू शकतं. पसरट ताटलीत, थोडं थोडं वाढून बघा. केसांचा ओला गोळा ओळखू येतो. पिवळा फेस म्हणजे रिकाम्या पोटातलं पित्त. शेवयांसारखे किंवा तांदळाच्या दाण्यांसारखे जंत दिसले तर जंताचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्या. लाल रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळपट काही दिसलं तर थांबायचं नाही. मान लांब करून, जमिनीला चिकटून उबळ येते पण बाहेर काहीच पडत नाही, असं वरचेवर होत असेल तर ती उलटी नसून दम्याचा खोकला असू शकतो. त्याचा व्हिडिओ काढून दाखवा, कारण दम्यावर नेहमी वापरली जाणारी औषधं साखर वाढवतात आणि डॉक्टरांना ते आधी ठरवावं लागतं.

लंघन नको

पोट बिघडलं की एक दिवस लंघन, हा आपल्या घरांमधला पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. माणसाला तो मानवत असेल, मांजराला नाही, आणि डायबेटिक मांजराला तर मुळीच नाही. न खाणाऱ्या मांजराच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृत निकामी व्हायला लागतं. जाड मांजरांमध्ये हे फार लवकर होतं, आणि डायबेटिक मांजरं बहुधा जाडच असतात.

साखर खाली गेलेली नसेल तर उलटीनंतर तासभर पोटाला विश्रांती द्या, पाण्याचं भांडं मात्र उचलू नका. मग एक चमचा नेहमीचं ओलं खाणं किंवा मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता उकडलेल्या चिकनचे तंतू द्या. राहिलं तर अर्ध्या तासानं आणखी एक चमचा. खाणं हाताच्या उबेइतकं कोमट केलं की वास सुटतो आणि मांजराची इच्छा होते. जबरदस्तीनं तोंडात कोंबू नका. मळमळत असताना भरवलेल्या खाण्याचा मांजराला कायमचा तिटकारा बसतो. ओठ चाटणं, लाळ गळणं, ताटलीपर्यंत येऊन वास घेऊन मागे फिरणं, ही मळमळीची लक्षणं आहेत. त्यावर डॉक्टरांकडे मॅरोपिटंट, ऑन्डॅनसेट्रॉन यांसारखी चांगली औषधं आहेत. मळमळ थांबली की मांजर आपणहून खातं आणि इन्सुलिनचं वेळापत्रक रुळावर येतं, त्यामुळे ‘बघू, खाईल उद्या’ म्हणून ही औषधं लांबवण्यात मला काहीच फायदा दिसत नाही.

२४ तासांत काहीच खाल्लं नाही तर, साखर कितीही असो, डॉक्टर.

ताबडतोब निघायचं ते प्रसंग

काही तासांत तीन-चार वेळा उलटी, किंवा पाणीसुद्धा पोटात न राहणं. उलटीसोबत जोरजोरात, खोल श्वास. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला ३० च्या आत असायला हवा. तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा किंवा पिकून सडलेल्या फळासारखा वास, म्हणजे कीटोन. हा वास काहींच्या नाकाला कळतच नाही, म्हणून पट्टी हवी. हिरड्यांना बोट लावल्यावर त्या ओल्या न लागता चिकट लागणं. मान उचलता न येणं, हनुवटी छातीकडे झुकलेली राहणं. हे पोटॅशियम घसरल्याचं लक्षण आहे.

बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाही, याला लोक बद्धकोष्ठ समजतात आणि दिवस घालवतात. मूत्रमार्ग अडलेला बोका पुढे ओकायला लागतो आणि एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ट्रे ओला होतोय का, एवढं तरी बघाच.

दोरा गिळल्याची शंका असेल तरी लगेच निघा. संक्रांतीचा मांजा, देव्हाऱ्यातल्या हाराचा दोरा, शिवणाची सुई-दोरा यांचं मांजरांना वेड असतं. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, आतडं कापलं जातं. पुष्पगुच्छातली लिलीची फुलंही मांजरासाठी विष आहेत. पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानंही मूत्रपिंडं बंद पडतात आणि सुरुवात उलटीनंच होते.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक वेगळी सूचना. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साकॅट ही गोळी आणि २०२३ मध्ये सेनव्हेल्गो हे तोंडानं द्यायचं द्रव औषध मांजरांच्या डायबेटिसवर मंजूर झालं. या औषधांवर असलेल्या मांजराची साखर जवळजवळ नॉर्मल असतानाही कीटोनचं विष चढू शकतं. म्हणून मांजर ओकलं किंवा खायचं थांबलं की साखरेच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नका. पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा आणि कीटोन तपासा.

उलट्या वरचेवर होत असतील तर

आठवड्यातून दोन-तीनदा ओकणं हा मांजराचा ‘स्वभाव’ नसतो. डायबेटिक मांजरात पहिला संशय स्वादुपिंडाच्या सुजेचा घ्यावा. इन्सुलिन तयार करणारा अवयव तोच, त्यामुळे या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र नांदतात. मांजरात हे दुखणं फार गुपचूप असतं. कधी उलटी होतच नाही, नुसतं खाणं कमी होतं, मांजर अंग आखडून बसतं आणि साखर विनाकारण वरखाली होते. याची खास रक्ततपासणी असते, सोनोग्राफीही करतात. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडं आणि थायरॉइडही तपासून घ्यावीत. दोन्हींत तहान वाढते आणि वजन उतरतं, म्हणजे डायबेटिससारखीच लक्षणं दिसतात आणि खरा आजार त्याच्या आड राहतो.

घरातल्या औषधांचा डबा बंद ठेवा

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही सगळी त्याचीच नावं. आयबुप्रोफेनही नको. लहान मुलांच्या सिरपमध्ये साखर असते, केसांच्या गोळ्यावरच्या बऱ्याचशा पेस्ट माल्टच्या असतात, तेव्हा काहीही देण्याआधी वेष्टन वाचा आणि विचारा.

पायांच्या नसांसाठी माणसांना देतात त्या मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाच्या, गोळ्यांबद्दल वेगळं सांगते. डायबेटिक मांजरं कधीकधी मागच्या पायांची टाच टेकवून चालायला लागतात. साखर आटोक्यात आली की हे हळूहळू सुधारतं आणि डॉक्टर बी-१२ सुचवतात. पण आपल्या दुकानांतल्या अशा अनेक गोळ्यांमध्ये अल्फा लिपोइक अ‍ॅसिड मिसळलेलं असतं आणि ते मांजरांना विषारी आहे. नुसतं मिथाइलकोबालामिन असलेलीच गोळी हवी.

खाज, अ‍ॅलर्जी, सर्दी यांवर स्टेरॉईडचं इंजेक्शन हा बऱ्याच ठिकाणचा झटपट उपाय. डायबेटिक मांजराची साखर त्यानं भडकते, आणि महिनाभर टिकणारं इंजेक्शन असेल तर महिनाभर भडकलेली राहते. नव्या दवाखान्यात पाय ठेवल्यावर पहिलं वाक्य ‘याला डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे’ हेच असावं. सलाइन लावताना त्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, आहे का हेही विचारा. काही वेळा ते मुद्दाम द्यावं लागतं, पण डायबेटिस माहीत नसल्यामुळे दिलं जाऊ नये.

बाकीची किरकोळ दुखणी

बद्धकोष्ठ डायबेटिक मांजरांना फार होतं, कारण लघवीवाटे पाणी जातं आणि शी सुकते. ओल्या खाण्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी मिसळणं हा पहिला उपाय. पाण्याची दोन-तीन पसरट भांडी घरात वेगवेगळ्या जागी ठेवा. दोन दिवस शी झाली नाही किंवा कुंथताना ओकारी आली तर दाखवा. एरंडेल देऊ नका.

जुलाब लागले तर आधी दूध बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. खाणं अचानक बदललं असेल तर जुनं सुरू करून नवं आठवडाभरात हळूहळू मिसळा. इथे इन्सुलिनशी गाठ आहे हेही विसरू नका. कोरड्या खाण्यावरून कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्यावर आणलेल्या मांजराची साखर काही दिवसांतच खूप उतरू शकते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. बदल चांगला आहे, पण डॉक्टरांना सांगून आणि रोज मोजत करायचा.

सर्दीनं नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही आणि वास आला नाही की ते खात नाही. नाक कोमट ओल्या कापसानं पुसा, न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून वाफेत दहा मिनिटं बसवा. व्हिक्स, अमृतांजन अजिबात नको, कापूर मांजराला विषारी आहे.

तोंडाला घाण वास, एका बाजूनं चावणं, खाताना अचानक ओरडणं, म्हणजे दात-हिरड्या. हिरड्यांचा जुनाट संसर्ग इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. किडके दात काढल्यावर डोस कमी करावा लागलेली मांजरं असतात. भूल द्यायला भिऊन हे वर्षानुवर्षं टाळू नये असं माझं ठाम मत आहे. लघवीच्या संसर्गाचंही तसंच. साखरमिश्रित लघवीत जंतू वाढतात आणि मांजर कुरकुर न करता ते सोसत राहतं. साखर काही केल्या आटोक्यात येत नसेल तर लघवीचं कल्चर (कोणते जंतू वाढतात ते पाहायची तपासणी) करून घ्या.

भांडणातली चावल्याची जखम वरून सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत गळू धरतं. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, डेटॉल किंवा फिनाईल लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर दाखवा. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध कधीच वापरू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात.

दर आठवड्याला वजन करा. आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग मांजर कडेवर घेऊन. घरगुती काटा फारसा बारीक नसतो, तान्ह्या बाळांचा काटा मिळाला तर बरा. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन उतरणं ही मोठी घट आहे.

दवाखाना आधीच शोधून ठेवा

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि महालक्ष्मीचं टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय, पुणे-सातारा पट्ट्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपुरात तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय, अशी ठिकाणं आहेत. तुमच्या जवळच्या ठिकाणी रात्री आणि रविवारी कोण असतं, सोबत काय न्यावं लागतं, हे फोन करून आधीच विचारा. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा बहुतेक वेळ गाई-म्हशींत जातो. तिथे साखरेची वही आणि इन्सुलिनची बाटली सोबत न्या आणि शहरातल्या तुमच्या डॉक्टरांशी फोनवर त्यांचं बोलणं करून द्या. फोनवर सांगायचा क्रम असा: शेवटचं इन्सुलिन किती आणि कधी, आत्ताची साखर किती, कीटोन आहेत की नाहीत, शेवटचं कधी खाल्लं, उलटी किती वेळा आणि कशी.

गणपतीला गावी जाताना मांजर शेजारच्या काकूंकडे सोपवत असाल तर त्यांच्यासमोर तीन-चार वेळा टोचून दाखवा आणि मग त्यांच्याकडून टोचून घ्या. प्रत्येक दिवसाच्या सिरिंज वेगळ्या पाकिटात घालून वर तारीख लिहा, म्हणजे डोस दिला की नाही असा घोळ होत नाही. आणि त्यांना हेही स्पष्ट सांगून जा, की मांजर ओकलं आणि त्यांना साखर मोजायला जमलं नाही, तर इन्सुलिन न देता आधी डॉक्टरांना आणि मग तुम्हाला फोन करायचा.